टॅगला डेटा टाईप देताना: रेंज कुठे संपते आणि आकडा कुठे बिघडतो

नवीन टॅग (म्हणजे प्लँटमधल्या एका व्हॅल्यूसाठी सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली नोंद) बनवताना नाव टाकायचं, अ‍ॅड्रेस टाकायचा, युनिट टाकायचं आणि मग डेटा टाईपचा ड्रॉपडाऊन येतो, तिथे बहुतेक वेळा जे आधीपासून सिलेक्ट असतं तेच राहू देतात, नाहीतर "रिअल घेऊन टाक, सगळं मावतं त्यात" असं होतं. मीही बरीच वर्षं तेच केलं. महिना दोन महिने सगळं नीट चालतं, आणि मग एक दिवस टेम्परेचर ६५५३.१ दिसायला लागतं किंवा टोटलायझर (एकूण बेरीज ठेवणारा टॅग) जागचा हलत नाही, आणि सगळे सेन्सर बदलायच्या मागे लागतात. सेन्सर बिचारा ठीक असतो.

प्रत्येक टॅगला दोन प्रश्न विचारायचे. हा आकडा जास्तीत जास्त (आणि निगेटिव्हकडे कमीत कमी) कुठपर्यंत जाणार? आणि त्यात किती बारीक फरक मला दिसायलाच हवा? रेंजचा तक्ता फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसरा प्रश्न कोणी विचारतच नाही, आणि माझ्या अनुभवात जास्त नुकसान दुसऱ्यानेच होतं. त्यानंतर हे बघायचं की आकडा वाटेत कुठून कुठून जातो, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), मॉडबस आणि ओपीसी (डेटा नेणारे प्रोटोकॉल), हिस्टोरियन (जुन्या व्हॅल्यू साठवणारा डेटाबेस), एसक्यूएल डेटाबेस, डॅशबोर्ड, कारण यातला सगळ्यात अरुंद टप्पा पुढच्या सगळ्यांची रेंज ठरवतो.

आधी तक्ता देतो, पीएलसीच्या आयईसी ६११३१-३ स्टँडर्डमधली नावं धरून:

सिंट, ८ बिट: -१२८ ते १२७
युसिंट, ८ बिट: ० ते २५५
इंट, १६ बिट: -३२,७६८ ते ३२,७६७
युइंट, १६ बिट: ० ते ६५,५३५
डिंट, ३२ बिट: -२,१४,७४,८३,६४८ ते २,१४,७४,८३,६४७
युडिंट, ३२ बिट: ० ते ४,२९,४९,६७,२९५
लिंट, ६४ बिट: साधारण उणे ९.२२ गुणिले १० चा १८ वा घात ते तेवढंच अधिक
रिअल, ३२ बिट फ्लोट: साधारण ३.४ गुणिले १० चा ३८ वा घात, दोन्हीकडे
एलरिअल, ६४ बिट फ्लोट: साधारण १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात

बूल म्हणजे ० किंवा १. बाइट, वर्ड, डीवर्ड हे आकडे नाहीतच, नुसते बिटचे गठ्ठे आहेत, स्टेटस वर्ड (ज्यात प्रत्येक बिट एक वेगळी स्थिती सांगतो) वाचायचा असेल तर ते वापरा. स्टेटस वर्ड इंटमध्ये वाचला की सगळ्यात वरचा बिट ऑन झाल्याबरोबर व्हॅल्यू निगेटिव्ह दिसते, आणि मग कोणीतरी "स्टेटस मायनस कसा आला" म्हणून फोन करतो.

पाठ करायची गरज नाही, पण नावांच्या बाबतीत फार सावध राहा, कारण प्रत्येक सॉफ्टवेअरने एकाच शब्दाचा वेगळा अर्थ लावलाय. केपवेअर या ओपीसी सर्व्हरमध्ये लाँग म्हणजे ३२ बिट, इग्निशन या प्लँट स्क्रीनवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लाँग म्हणजे ६४ बिट. इग्निशनच्या इंट४, इंट८ मधला आकडा बाइटचा असतो, म्हणजे इंट८ हा ६४ बिटचा, आणि पोस्टग्रेस डेटाबेसमध्येही इंट८ म्हणजे ८ बाइटच, पण पायथनच्या नमपायमध्ये इंट८ म्हणजे ८ बिट, म्हणजे -१२८ ते १२७ एवढाच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये टायनीइंट ० ते २५५ असतो, मायएसक्यूएलमध्ये काही न सांगता घेतला तर -१२८ ते १२७, आणि पोस्टग्रेसमध्ये टायनीइंटही नाही आणि अनसाइन्ड (निगेटिव्ह न घेणारे) टाईपही नाहीत. त्यामुळे पीएलसीतला युडिंट पोस्टग्रेसच्या इंटिजर कॉलममध्ये टाकला तर २१४ कोटींच्या पुढे इन्सर्ट एरर देणार, तिथे बिगइंटच घ्यावा लागतो. नावावर जाऊ नका, मॅन्युअलमध्ये किती बिट आणि साइन आहे की नाही (म्हणजे निगेटिव्ह मावतं की नाही) एवढंच शोधा.

आता साइनची गंमत नाही, साइनचा त्रास. एक टेम्परेचर ट्रान्समीटर एक दशांश अंशाच्या स्टेपने मॉडबसवर व्हॅल्यू देतो, उणे ०.५ डिग्री म्हणजे रजिस्टरमध्ये -५. मॉडबसचं रजिस्टर १६ बिटचं, त्याला साइन वगैरे काही कळत नाही, आपण त्याला युइंट म्हणून वाचलं तर ६५,५३१ मिळतात आणि दहाने भागल्यावर ६५५३.१. म्हणून ६५५३ च्या आसपास किंवा ६५ हजारांच्या आसपास काही दिसलं तर आधी टाईप बदलून बघा, वायरिंगला हात नंतर लावा. शून्याच्या वर असताना दोन्ही टाईप तंतोतंत सारखंच दाखवतात, त्यामुळे कमिशनिंगला (सिस्टिम पहिल्यांदा चालू करताना) ही चूक कधीच पकडली जात नाही, थंडी पडली की पकडली जाते.

अ‍ॅनालॉग इनपुटला हेच जास्त महागात पडतं. सीमेन्सच्या एस७ मॉड्यूलमध्ये ४ ते २० मिलीअँपिअर म्हणजे ० ते २७,६४८ काउंट (मॉड्यूलने दिलेला कच्चा, म्हणजे रॉ, आकडा). त्याच्या वर ३२,५११ पर्यंत ओव्हररेंज, त्याहून वर गेलं की ३२,७६७ म्हणजे ओव्हरफ्लो. खाली ४ मिलीअँपिअरच्या आत गेलं की काउंट निगेटिव्ह होतात. आता लेव्हल ट्रान्समीटर थोडा घसरला आणि ३.९ मिलीअँपिअर देतोय असं धरा, म्हणजे साधारण -१७३ काउंट. इंटमध्ये वाचलं तर लेव्हल उणे ०.६ टक्का, कोणाला काही वाटणार नाही. युइंटमध्ये वाचलं तर ६५,३६३, म्हणजे रिकामी टाकी २३६ टक्के भरलेली, आणि त्यावर भरणाऱ्या पंपाचा इंटरलॉक (टाकी भरली की पंप थांबवणारी अट) असेल तर पंप बंद. अ‍ॅनालॉग रॉ व्हॅल्यू नेहमी इंटमध्येच घ्या.

स्केलिंग करताना अजून एक. रॉ भागिले २७६४८ गुणिले १०० असं इंटमध्ये लिहिलं तर अर्ध्या टाकीला १३,८२४ भागिले २७,६४८ चं उत्तर ० येतं, कारण पूर्णांकी भागाकार दशांश टाकून देतो. मग माणूस उलटं करतो, आधी १०० ने गुणतो, तर १३,८२,४०० होतात जे इंटमध्ये मावतच नाहीत. उत्तराचा टॅग रिअल केला म्हणून मधलं गणित आपोआप रिअलमध्ये होत नाही, आधी रॉ व्हॅल्यू रिअलमध्ये कन्व्हर्ट करा आणि मग गुणाकार भागाकार करा, हा क्रम सोडू नका. कन्व्हर्जनची उलटी दिशा तर अजून धोक्याची, मोठ्या फ्लोटमधून छोट्या इंटमध्ये. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात गेलं ते यामुळेच, ६४ बिट फ्लोटमधली व्हॅल्यू १६ बिट साइन्ड इंटिजरमध्ये टाकताना मावली नाही, आणि तो कोड आधीच्या एरियान ४ मध्ये नीट चाललेला होता, फक्त नव्या रॉकेटमध्ये आकडे मोठे झाले. जुन्या प्रोजेक्टमधून ब्लॉक कॉपी करताना मला ते दरवेळी आठवतं. जुनी मशीन ताशी ३०० नग काढत होती, नवी किती काढते ते बघा मग कॉपी करा.

आता रिअलकडे येतो, इथे थोडं थांबून वाचा. रिअलची रेंज अवाढव्य आहे म्हणून लोक निश्चिंत असतात, पण त्या ३२ बिटांत आकड्याच्या अचूकतेसाठी फक्त २४ बिट असतात, म्हणजे साधारण ७ अंक खरे, बाकी गोल केलेले. पूर्णांक १,६७,७७,२१६ पर्यंतच एकेक करून नीट मोजता येतात. त्यात १ मिळवला तर उत्तर १,६७,७७,२१६ च येतं. एरर नाही, अलार्म नाही, क्वालिटी गुड. आकडा जितका मोठा तितकी त्याची पायरी मोठी होत जाते: १ लाखाजवळ पायरी ०.००७८, १० लाखांजवळ ०.०६२५, १ कोटीजवळ पूर्ण १, आणि १० कोटींजवळ ८. म्हणजे १० कोटी वॅट अवरवर पोचलेला एनर्जी टॅग ८-८ च्या उड्या मारतो.

एका प्लँटवर मी हे फ्लो टोटलायझरमध्ये बघितलं आणि कागदावर मांडेपर्यंत माझा विश्वास बसत नव्हता, म्हणून पूर्ण हिशोब देतो. फ्लो ताशी ३६ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ०.०१ घनमीटर, आणि पीएलसी दर सेकंदाला एका रिअल टॅगमध्ये ०.०१ मिळवतोय. सुरुवातीला सगळं बरोबर. साधारण सव्वा महिन्यात टोटल ३२,७६८ च्या वर जाते, तिथे रिअलची पायरी ०.००३९ असते, ०.०१ हे अडीच पायऱ्यांपेक्षा थोडं जास्त म्हणून गोल होऊन तीन पायऱ्या मिळवल्या जातात, म्हणजे टोटलायझर १७ टक्के जास्त पळतो. ६५,५३६ च्या वर पायरी ०.००७८, आता एकच पायरी मिळवली जाते, म्हणजे २२ टक्के कमी. १,३१,०७२ च्या वर पायरी ०.०१५६, तीही एक पूर्ण मिळवली जाते, म्हणजे ५६ टक्के जास्त. आणि २,६२,१४४ ला पायरी ०.०३१२५ होते, ०.०१ हे तिच्या अर्ध्यापेक्षाही कमी, गोल होऊन शून्य, टोटलायझर कायमचा थांबला. थांबला तेव्हा लोकांच्या लक्षात येतं, पण त्याआधीचे कित्येक महिने तो कधी जास्त कधी कमी मोजत होता आणि त्या आकड्यांवर रिपोर्ट निघत होते, ते कोणी परत बघत नाही. मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटतं.

उपाय सोपा आहे. टोटल कधीही रिअलमध्ये साठवू नका. लिटरमध्ये किंवा पल्समध्ये डिंटमध्ये साठवा: वरच्याच फ्लोला डिंट लिटरमध्ये साधारण पावणेसात वर्षं पुरतो, आणि त्याहून जास्त हवं तर लिंट घ्या. दर सेकंदाचे लिटर एका छोट्या रिअलमध्ये जमवा, त्यात जितके पूर्ण लिटर झाले तितके डिंटमध्ये मिळवा आणि तितकेच रिअलमधून वजा करा (वजा करा, शून्य करू नका, नाहीतर उरलेला चुरा दरवेळी फेकला जातो). पीएलसीत एलरिअल असेल तर तोही चालतो, त्यात १५-१६ अंक मिळतात आणि पूर्णांक ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंत बिनचूक राहतात. रिअल कशाला चांगला? प्रेशर, टेम्परेचर, फ्लो रेट, व्होल्टेज, जे वरखाली होतं आणि ज्याला चार-पाच अंक पुरतात त्याला. नुसतं वाढतच जाणाऱ्या कशालाही नाही.

पण डिंट केला म्हणजे सुटलो असं नाही, हिस्टोरियनमध्ये तो टॅग फ्लोट३२ म्हणून बनवला असेल तर तिथे परत तेच. पीआय सिस्टिम या हिस्टोरियनमध्ये नवीन पॉइंटचा (तिथल्या टॅगचा) टाईप आपोआप फ्लोट३२ येतो, त्यामुळे हे फार सहज होतं. पीआयच्या अजून दोन गोष्टी माहीत हव्यात. तिथला इंट१६ हा पीएलसीच्या इंटसारखा नाही, त्यात ० ते ३२,७६७ एवढंच मावतं, निगेटिव्ह नाहीच. इंट३२ सुद्धा खालच्या बाजूला -२,१४,७४,५०,८८० वर थांबतो, कारण त्याखालचे आकडे सिस्टिमने डिजिटल स्टेटसाठी राखून ठेवलेत. आणि फ्लोट१६ घेतला तर तो झिरो आणि स्पॅनवर चालतो, स्पॅनचे ३२,७६७ भाग करतो, म्हणजे स्पॅन १००० दिला तर ०.०३ पेक्षा बारीक फरक साठवलाच जाणार नाही आणि स्पॅनच्या बाहेर गेलं की ओव्हर रेंज. डिस्क वाचवायची म्हणून फ्लोट१६ घेण्यात आता काही अर्थ राहिलेला नाही असं माझं मत आहे.

मॉडबसवर ३२ बिटची व्हॅल्यू दोन रजिस्टरमध्ये (प्रत्येकी १६ बिटचा एक वर्ड) येते आणि कोणतं रजिस्टर आधी हे मॉडबसच्या स्टँडर्डमध्ये ठरवलेलंच नाही, प्रत्येक मीटरवाल्याने आपापलं ठरवलंय. उलटं लागलं तर कसं दिसतं ते सांगतो म्हणजे ओळखता येईल. १,००,००० ही डिंट व्हॅल्यू वर्ड उलटे झाले तर -२,०३,६३,३४,५९१ दिसते, म्हणजे वेडावाकडा प्रचंड आकडा. फ्लोटमध्ये ५०.० ही व्हॅल्यू उलटी वाचली तर २.३८ गुणिले १० चा उणे ४१ वा घात, स्क्रीनवर दोन दशांश दाखवत असाल तर सरळ ०.००. म्हणून फ्लोट टॅग ०.०० दाखवतोय आणि मीटरच्या डिस्प्लेवर ५० आहे, तर कम्युनिकेशन तुटलेलं नाही, वर्ड स्वॅप करून बघा. आणि ६५,५३५ किंवा -३२,७६८ स्थिर दिसत असेल तर अनेक मीटर आणि इन्व्हर्टरमध्ये त्याचा अर्थ "ही व्हॅल्यू उपलब्ध नाही" असा असतो, सोलरच्या सनस्पेक मॉडेलमध्ये तर तसं लिहूनच ठेवलंय, त्यामुळे असे आकडे अ‍ॅव्हरेजमध्ये जाऊ देऊ नका.

फ्लोटमध्ये आणखी एक पाहुणा असतो, एनएएन, म्हणजे आकडाच नाही अशी व्हॅल्यू, शून्य भागिले शून्य केलं किंवा उणे आकड्याचं वर्गमूळ काढलं की येतो (ऑरिफिस फ्लोमीटरमध्ये डीपी, म्हणजे दाबातला फरक, किंचित निगेटिव्ह झाला की हमखास). त्याच्याशी केलेली मोठा आहे का, छोटा आहे का, समान आहे का, सगळी तुलना खोटी ठरते. म्हणजे "व्हॅल्यू ९० पेक्षा जास्त असेल तर अलार्म" हा अलार्म वाजणारच नाही. आणि टोटलमध्ये तो एकदा मिसळला की ती टोटल कायमची एनएएन. म्हणून वर्गमूळाआधी निगेटिव्हला शून्यावर अडवा, भागाकाराआधी खालचा आकडा तपासा, आणि महत्त्वाच्या टॅगला "व्हॅल्यू स्वतःशी समान नाही" ही अट लावा, ती फक्त एनएएनलाच खरी ठरते.

वेळेचे टाईपही रेंजवालेच असतात. सीमेन्सचा टाइम टाईप ३२ बिट साइन्ड मिलिसेकंद आहे, २४ दिवस २० तास ३१ मिनिटांवर संपतो. कोडेसिस या पीएलसी प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो अनसाइन्ड आहे म्हणून ४९ दिवस १७ तास. मशीनचे रनिंग अवर्स टाइममध्ये मोजू नका, सेकंद डिंटमध्ये मोजा. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने बोइंग ७८७ साठी आदेश काढला होता की सलग २४८ दिवस पॉवर चालू राहिली तर जनरेटर कंट्रोल युनिटमधला काउंटर ओव्हरफ्लो होऊन वीज जाऊ शकते, आणि सेकंदाचे शंभर भाग करून ३२ बिट साइन्डमध्ये मोजत गेलं की बरोबर २४८ दिवस भरतात. युनिक्स टाईम ३२ बिट साइन्डमध्ये ठेवणारी सगळी डिव्हाइसेस १९ जानेवारी २०३८ ला अडकणार, आज बसवलेली डिव्हाइसेस तेव्हाही चालू असू शकतात, त्यामुळे घेतानाच विचारून घ्या.

बॅच नंबर, बारकोड, सिरियल नंबर हे आकड्यांसारखे दिसतात पण त्यांवर कोणी बेरीज करत नाही, ते स्ट्रिंगच ठेवा. सुरुवातीचे शून्य उडतात, एक्सेल १५ अंकांपुढे सगळं शून्य करतं, आणि वेब डॅशबोर्डमधली जावास्क्रिप्ट प्रत्येक नंबर ६४ बिट फ्लोटमध्ये घेते, म्हणजे १७-१८ अंकी लिंट पीएलसीत बरोबर असूनही स्क्रीनवर शेवटचे अंक बदललेले दिसतात.

शेवटी टेस्टिंग. मी आता टॅग लिस्टमध्ये चार कॉलम जास्त ठेवतो: साइन्ड की अनसाइन्ड, वर्ड ऑर्डर, अपेक्षित सर्वात मोठी व्हॅल्यू, सर्वात छोटी पायरी. आणि सिम्युलेटरमधून किंवा पीएलसीत फोर्स करून काही ठराविक व्हॅल्यू पाठवतो, मात्र प्लँट चालू असताना नाही. १६ बिट टॅगला -१ आणि ३२,७६७. ३२ बिटला १,००,००० आणि १,६७,७७,२१७. फ्लोटला ५०.० आणि जमलं तर एनएएन. मग त्या व्हॅल्यू स्क्रीनवर, हिस्टोरियनमध्ये आणि शेवटच्या रिपोर्टमध्ये तिन्हीकडे वाचतो. -१ चा ६५,५३५ झाला तर साइन चुकलीय. १,००,००० चा उणे दोनशे कोटी झाला तर वर्ड उलटे. आणि १,६७,७७,२१७ मधला शेवटचा ७ कुठे ६ झाला ते टप्प्याटप्प्याने मागे जाऊन बघितलं की कोणीतरी मध्ये रिअल घुसवलाय ती जागा सापडते.